बाभूळ 'अकेशिया' की 'व्हॅचेलिया'? झाडांच्या पाट्यांसाठी शास्त्रीय नावं तपासायची आहेत

पानजाळी

नमस्कार मंडळी,

महाविद्यालयाच्या आवारातल्या झाडांना पाट्या लावायच्या आहेत. 214 झाडं, 58 जाती. मराठी नावांची यादी पक्की आहे. शास्त्रीय नावांचा रकाना मात्र तीन ठिकाणांहून उचलला गेलाय, आणि ती तिन्ही ठिकाणं एकमेकांशी जुळत नाहीत.

बाभळीचं नाव जुन्या पुस्तकात अकेशिया निलोटिका आहे, संकेतस्थळांवर व्हॅचेलिया निलोटिका. यातलं बरोबर कोणतं आणि ते ठरवतं कोण? नावामागे 'एल.', 'लॅम.', कधी कंसात एक आणि कंसाबाहेर दुसरंच, अशी अक्षरं असतात. ती पाटीवर हवीतच का? गुलमोहराचं कुळ एका यादीत सीसॅल्पिनिएसी, दुसरीत फॅबेसी, तिसरीत लेग्युमिनोसी आहे. नावं देवनागरीत लिहिली तर चालतील का, आणि मग 'फायकस' लिहायचं की 'फिकस'?

शिवाय प्रवेशद्वाराशी राज्यचिन्हांचा एक फलक करायचाय: आंबा, तामण, शेकरू, हरियाल आणि राणी पाकोळी. प्राण्यांची नावं लिहिण्याची पद्धत वेगळी असते असं ऐकलंय.

पाट्या एकदाच छापल्या जाणार आहेत, त्यामुळे चूक परवडणार नाही.

---

हर्बेरियम_कपाट

'बरोबर नाव कोणतं' या प्रश्नाच्या पोटात दोन प्रश्न आहेत, ते आधी वेगळे करू. हे झाड कोणत्या गटात बसतं, हा वर्गीकरणाचा प्रश्न. तो अभ्यासक पुराव्यावरून सोडवतात आणि त्यात मतभेद राहू शकतात. त्या गटाला कोणतं नाव लागू पडतं, हा नामकरणाचा प्रश्न. तो संहितेच्या, म्हणजे नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीच्या, नियमांनी सुटतो. वनस्पती, शैवाल आणि बुरशी यांची एक संहिता, प्राण्यांची वेगळी, जिवाणूंची आणखी वेगळी. कोणतीही कचेरी नावं 'मंजूर' करत नाही. नियम पाळून प्रसिद्ध झालेलं नाव वैध ठरतं, आणि एकाच जातीची अनेक वैध नावं असतील तर सर्वांत जुन्याला मान मिळतो. वनस्पतींसाठी ही मोजदाद स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसच्या 1753 सालच्या ग्रंथापासून सुरू होते. त्याआधीचं काही धरत नाहीत.

जातीचं नाव एका नमुन्याला बांधलेलं असतं, त्याला प्रकारनमुना म्हणतात. तसंच प्रजातीचं नाव एका जातीला बांधलेलं असतं. प्रजाती फोडायची वेळ आली की मूळ नाव त्या प्रकारजातीच्या बाजूला राहतं आणि बाकीच्यांना दुसरी नावं शोधावी लागतात. (मराठी परिभाषेत 'जाती' म्हणजे धाकटा गट आणि 'प्रजाती' म्हणजे त्याच्या वरचा. वर्तमानपत्रं हल्ली उलटं लिहितात. पाट्यांवर तरी तेवढं सांभाळा.)

आता बाभूळ. जुन्या, व्यापक अर्थाच्या अकेशियात तेराशेच्या वर जाती होत्या, त्यातल्या हजाराच्या आसपास ऑस्ट्रेलियातल्या. डीएनएच्या अभ्यासातून दिसलं की हा एक वंश नाही, त्याचे तुकडे करावे लागणार. आणि अकेशियाची प्रकारजाती कोणती होती? आपली बाभूळच. म्हणजे नियमानुसार 'अकेशिया' हे नाव बाभळीकडे राहून त्या हजार ऑस्ट्रेलियन जातींची नावं बदलायला हवी होती. एवढी उलथापालथ नको म्हणून प्रकारजातीच बदलून एक ऑस्ट्रेलियन जाती नेमावी, असा प्रस्ताव आला. 2005 साली व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत तो मंजूर झाला. तिथे विरोधात पडलेली मतं निम्म्याहून जास्त होती, पण समितीची शिफारस उलटवायला 60 टक्के लागत होती आणि तेवढी जमली नाहीत. आफ्रिकेतल्या आणि भारतातल्या अनेकांना ते अजून सलतं. 2011 च्या मेलबर्न परिषदेत निर्णय कायम झाला आणि विषय संपला.

त्यामुळे बाभूळ: व्हॅचेलिया निलोटिका. हिवर: व्हॅचेलिया ल्युकोफ्लोआ. खैर: सेनेगालिया कटेचू. तुमच्या आवारात रस्त्याकडेला लावतात ती ऑस्ट्रेलियन बाभूळ असेल, तर ती मात्र अकेशिया ऑरिक्युलिफॉर्मिसच. यादीत सरसकट 'शोधा आणि बदला' करू नका, नाहीतर तीही व्हॅचेलिया होईल.

शमी आणि वेड्या बाभळीच्या बाबतीत याच्या उलट झालं. 2022 मध्ये प्रोसोपिस प्रजाती फोडली गेली. तिची प्रकारजाती आपली शमीच, त्यामुळे शमी प्रोसोपिस सिनेरारिया राहिली आणि वेडी बाभूळ नेल्टुमा ज्युलिफ्लोरा झाली. शमीसाठी काही जुन्या पुस्तकांत प्रोसोपिस स्पिसिजेरा दिसेल. ते 1767 चं नाव आहे, 'सिनेरारिया' 1753 चं. म्हणून धाकटं नाव मागे पडलं.

---

टिपणवही

नावामागच्या अक्षरांविषयी.

ती कर्त्याची संक्षिप्त नावं. 'एल.' म्हणजे लिनियस, 'एल.एफ.' म्हणजे त्याचा मुलगा, कारण 'एफ.' हे लॅटिन 'फिलियस'चं, मुलगा या अर्थाचं, आद्याक्षर. साग: टेक्टोना ग्रँडिस एल.एफ. हा 'एफ' टायपिंगची चूक समजून खोडणारे भेटतात. तसंच 'हुक.' आणि 'हुक.एफ.' हे हूकर बाप-लेक. दोघांनीही ढिगाने नावं दिलीत, त्यामुळे एक 'एफ' गळला की श्रेय भलत्याकडे जातं.

कंस वाचायचा तो असा. गुलमोहराचं पूर्ण नाव डेलोनिक्स रेजिया (बोयर एक्स हुक.) राफ. बोयरने नाव सुचवलं, पण वैध वर्णनासह छापलं ते हूकरने, म्हणून मध्ये 'एक्स'. हूकरने हे झाड पॉइन्सियाना या प्रजातीत घातलं होतं. राफिनेस्कने ते डेलोनिक्समध्ये हलवलं. मूळ कर्ता कंसात गेला, हलवणारा बाहेर आला. आंब्याला कंस नाही, मँजिफेरा इंडिका एल., कारण लिनियसने ठेवलं तिथेच ते आजही आहे. तामण कंसासकट: लॅगरस्ट्रोमिया स्पेसिओसा (एल.) पर्स.

कडुनिंबात एक गंमत आहे. लिनियसने 1753 मध्ये त्याला मेलिया अझाडिराक्टा म्हटलं. पुढे ए. जस्युने 1830 साली अझाडिराक्टा ही प्रजाती वेगळी केली. जुन्या उत्तरपदाला (नावातल्या दुसऱ्या शब्दाला) मान द्यायचा तर नाव झालं असतं अझाडिराक्टा अझाडिराक्टा. वनस्पतींच्या संहितेला अशी जुळी नावं चालत नाहीत. म्हणून अझाडिराक्टा इंडिका ए.जस., आणि कंस नाही. कोणी 'दुरुस्ती' म्हणून कंसात एल. घातलेला दिसला तर काढून टाका.

पाटीवर कर्ता हवा का? पादचाऱ्याला त्याचा उपयोग नाही आणि संहिताही पाटीवर तो सक्तीचा करत नाही. मी म्हणेन पाटीवर नको, पण मूळ यादीत हवाच. एकच द्विनाम (प्रजाती आणि जाती मिळून दोन शब्दांचं नाव) दोन वेगळ्या माणसांनी दोन वेगळ्या झाडांना दिल्याची उदाहरणं आहेत, आणि तिथे कर्त्यावाचून नाव निरुपयोगी ठरतं.

सर्वांत जास्त चुका लिंगात होतात. प्रजातीचं नाव बदललं की विशेषणरूपी उत्तरपदाचा शेवटही बदलतो. उंच सरळ वाढणारा तो खोटा अशोक, म्हणजे आसुपालव, आधी पॉलीॲल्थिया लाँगिफोलिया होता. 2012 मध्ये तो मोनून प्रजातीत गेला. मोनून नपुंसकलिंगी, म्हणून लाँगिफोलियम. 'मोनून लाँगिफोलिया' असं अर्धवट बदललेलं नाव अनेक याद्यांत दिसतं. जांभळाचं सिझिजियम क्युमिनी मात्र कुठेही नेलं तरी क्युमिनीच राहतं, कारण ते विशेषण नसून 'जिऱ्याचं' अशा अर्थाचं षष्ठीतलं नाम आहे. आणि 'फायकस'च्या 'अस'वर जाऊ नका. लॅटिनमध्ये झाडांची नावं बहुधा स्त्रीलिंगी, म्हणून पिंपळ रिलिजिओसा आणि उंबर रेसिमोसा.

---

रानभूल

वरचं सगळं खरं, पण त्याच्या आधीची पायरी कोणी बोललंच नाही. नाव तपासण्याआधी झाड तपासा. पाट्यांवर जे चुकतं त्यात स्पेलिंगपेक्षा ओळख जास्त वेळा चुकलेली असते.

यादीत 'अशोक' असेल तर ते कोणतं झाड आहे ते जाऊन बघा. कडेने लाटांसारखी दुमडलेली लांब पानं आणि हिरवट बारीक फुलं असतील तर तो आसुपालव, सीताफळाच्या कुळातला. संयुक्त पानं आणि खोडा-फांद्यांवर थेट फुटलेले केशरी-लाल गुच्छ असतील तर तो खरा सीताअशोक, साराका असोका. याच्यासाठी जुन्या भारतीय पुस्तकांत साराका इंडिका छापलंय. ते नाव वैध आहे, पण दुसऱ्याच, आग्नेय आशियातल्या जातीचं. म्हणजे इथे जुनं नाव विरुद्ध नवं नाव असा प्रकारच नाही, चुकीच्या झाडाला लावलेलं नाव आहे. सिनॉनिमच्या, म्हणजे त्याच जातीच्या इतर नावांच्या, यादीत हे हमखास घुसतं आणि त्यातून पुढचा गोंधळ होतो.

दसऱ्याला आपट्याच्या नावाने कांचनाची पानं ओरबाडली जातात, तोच घोळ पाट्यांवरही. आपट्याचं पान लहान, लांबीपेक्षा रुंदीला जास्त, फूल बारीक फिकट, पुंकेसर 10. कांचनांची फुलं मोठी. बौहिनिया पर्प्युरियात कामाचे पुंकेसर 3 आणि फुलोरा पावसाळ्यानंतर. बौहिनिया व्हेरिएगाटात 5 आणि बहर पानगळीच्या सुमारास, फेब्रुवारी-मार्चला. गडद किरमिजी फुलांनी लगडलेलं आणि एकही शेंग न धरणारं झाड असेल तर तो या दोघांचा संकर, बौहिनिया × ब्लेकियाना. हाँगकाँगच्या झेंड्यावर आहे तेच फूल.

कडुनिंब आणि बकाण निंबही तपासून घ्या. कडुनिंबाचं पान एकदाच विभागलेलं, फूल पांढरं. बकाणाचं पान दोन-तीनदा विभागलेलं, फूल जांभळट. बकाण म्हणजे मेलिया अझेडराक. लिनियसने दोघांना एकाच प्रजातीत ठेवलं होतं, इतकी नावं जवळची.

आता कुळं. सीसॅल्पिनिएसी आणि मायमोसेसी ही स्वतंत्र कुळं हल्ली बहुतेक कोणी धरत नाही. सगळी एका शेंगकुळात आली. त्या कुळाला फॅबेसी म्हणा किंवा लेग्युमिनोसी, दोन्ही नावं संहितेला मान्य आहेत. अशी दुहेरी नावाची सूट 8 कुळांना आहे: गवत, ताड, सूर्यफूल, मोहरी, तुळस, कोथिंबीर, कोकम आणि शेंगा यांची कुळं. पाट्यांवर एकच पद्धत धरा. सगळीकडे 'एसी' शेवटाचं नाव असेल तर वाचणाऱ्याला 'हे कुळ' असं लगेच कळतं, म्हणून फॅबेसी बरं.

2017 पासून फॅबेसीत 6 उपकुळं मानतात, आणि जुन्या सवयीला धक्का देणारी वाटणी तिथे आहे. गुलमोहर आणि बाभूळ एकाच उपकुळात. चिंच दुसऱ्या. आपटा-कांचन तिसऱ्या. पळस चौथ्या. पाटीवर उपकुळाची गरज नाही, पण वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी विचारतील, तेव्हा तयारी असू द्या. तसंच सावर आता भेंडी-कापसाच्या माल्व्हेसीत, साग तुळशीच्या लॅमिएसीत आणि रुई कण्हेरीच्या अपोसायनेसीत.

जाता जाता: 'इंडिका' बघून 'देशी' लिहू नका. चिंच टॅमरिंडस इंडिका आहे, पण मूळची आफ्रिकेची. नाव अयोग्य वाटतं म्हणून बदलता येत नाही, हाही संहितेतला नियमच.

---

पानजाळी

प्रचंड माहिती मिळाली, आभार. अशोकाची पाटी आजच थांबवली. सहाही झाडं आसुपालव निघाली.

तीन उपप्रश्न. एकेक नाव तपासायचं म्हणजे नेमकं कुठे आणि कोणत्या क्रमाने? पर्जन्यवृक्षाला एके ठिकाणी सामानिया सामान आणि दुसरीकडे अल्बिझिया सामान आहे, दोन्ही चालू वाटतात. आणि हापूस, पायरी अशा आंब्यांच्या वाणांचं काय करायचं? आमच्याकडे दोन्ही आहेत.

---

हर्बेरियम_कपाट

क्रम असा ठेवा. आधी ओळख पक्की करा: फूल किंवा फळ असताना, कुकच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिसूचीतल्या किंवा भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या महाराष्ट्र राज्याच्या वनस्पतिसूचीतल्या वर्णनाशी ताडून. कुकचं काम 1901 ते 1908 मधलं आहे. नावं जुनी, पण वर्णनं अजून उत्तम. तिथलं नाव उचलायचं नाही, फक्त ओळख घ्यायची.

मग ते जुनं नाव आयपीएनआयमध्ये (इंटरनॅशनल प्लांट नेम्स इंडेक्स) टाका. ही नावांची नोंदवही आहे. नाव कोणी, कुठे, कधी छापलं आणि स्पेलिंग काय, एवढंच ती सांगते. कोणतं नाव स्वीकारावं हे ती सांगत नाही, आणि लोक नेमकी हीच गल्लत करतात: 'आयपीएनआयवर सापडलं म्हणजे बरोबर'. तिथे फेटाळलेली नावंही तितक्याच इमानाने नोंदलेली असतात. नाव स्वीकृत की सिनॉनिम हे त्यानंतर क्यू उद्यानाच्या प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइनवर पाहा, आणि दुसरं मत म्हणून वर्ल्ड फ्लोरा ऑनलाइनवर. दोन्ही जुळली तर पुढे जा. जुळली नाहीत तर थांबून कारण बघा. 'द प्लांट लिस्ट' नावाची यादी शोधात अजून वर येते, पण ती 2013 नंतर अद्ययावत झालेली नाही, ती सोडा.

पर्जन्यवृक्षाचं हे असं न जुळण्याचंच उदाहरण आहे. सामानिया वेगळी प्रजाती मानली तर सामानिया सामान बरोबर. ती अल्बिझियात मोडते असं मानलं तर अल्बिझिया सामान बरोबर. संहितेच्या दृष्टीने दोन्ही नावं निर्दोष. करंजाचंही तसंच: पोंगॅमिया पिन्नाटा, मध्ये काही काळ मिलेशिया पिन्नाटा, आता पुन्हा पोंगॅमियाकडे कल. म्हणून संपूर्ण प्रकल्पासाठी एकच संदर्भयादी धरा आणि ती कोणती, कोणत्या तारखेला पाहिली, हे तुमच्या तक्त्यात एका रकान्यात लिहा. क्यूची धरलीत तर सामानिया. निम्म्या पाट्या एका यादीप्रमाणे आणि निम्म्या दुसरीप्रमाणे झाल्या की पाच वर्षांनी कोणालाच उलगडत नाही.

तक्त्यात जुनं नाव खोडू नका. शेजारच्या रकान्यात ठेवा. बाभूळ, आसुपालव, वेडी बाभूळ अशा अलीकडे बदललेल्या नावांना तर पाटीवरही खाली बारीक अक्षरात जुनं नाव द्यावं, कारण विद्यार्थ्यांच्या हातातल्या पुस्तकांत तेच असणार.

वाणांची संहिता वेगळी. मँजिफेरा इंडिका तिरपं, त्यापुढे एकेरी अवतरणचिन्हांत 'अल्फोन्सो', सरळ ठशात, पहिलं अक्षर कॅपिटल. वाणाचं नाव तिरपं केलं किंवा अवतरणचिन्हं दुहेरी टाकली की चुकलं. हापूस-पायरीच्या पाटीत मोठ्या अक्षरात मराठी नाव पुरे. कलम आहे की रोप हे माहीत नसेल तर वाण लिहूच नका. कोय लावून आलेलं झाड हापूसचं असलं तरी हापूस असेलच असं नाही.

एखाद्या झाडाची जाती ठरलीच नाही तर प्रजातीपुढे 'एसपी.' लिहून थांबा. 'एसपी.' सरळ ठशात. 'एसपीपी.' लिहिलं तर अर्थ होतो 'अनेक जाती', आणि एका झाडाच्या पाटीवर ते विनोदी दिसतं.

---

पंखपाखर

राज्यचिन्हांच्या फलकाचं मी सांगते. प्राण्यांच्या संहितेत सुरुवात लिनियसच्या 1758 च्या दहाव्या आवृत्तीपासून. कर्त्याचं नाव सहसा पूर्ण लिहितात, मग स्वल्पविराम, मग साल. प्रजाती बदलली तर कर्ता आणि साल दोन्ही कंसात जातात, पण हलवणाऱ्याचं नाव वनस्पतींसारखं बाहेर येत नाही.

शेकरू: राटुफा इंडिका (अर्क्सलेबेन, 1777). कंस आहे कारण मूळ नाव स्कियुरस इंडिकस होतं. 'इंडिकस'चं 'इंडिका' झालं ते टिपणवहींनी सांगितलेल्या लिंगाच्या नियमाने. हरियाल: ट्रेरॉन फीनिकॉप्टेरस (लॅथम, 1790), मूळचं कोलंबा. पूर्वी या पक्ष्याच्या नावाचा शेवट 'फीनिकॉप्टेरा' असा लिहायचे, जुन्या पक्षिपुस्तकांत तो दिसेल. राणी पाकोळी: पॅपिलिओ पॉलिम्नेस्टर क्रेमर, 1775. इथे कंस नाही, कारण क्रेमरने तिला पॅपिलिओतच ठेवलं होतं. आंबा आणि तामण वर आलेच आहेत. एकाच फलकावर प्राण्यांना साल आणि झाडांना साल नाही असं दिसेल. ती विसंगती नाही, पण बघणाऱ्याला तशी वाटते. म्हणून या फलकावर कर्ते गाळून नुसती द्विनामं द्या, असा माझा सल्ला.

भीमाशंकरच्या शेकरूची उपजाती लिहायची असेल तर तीन शब्द सलग: राटुफा इंडिका एल्फिन्स्टोनी. प्राण्यांत मध्ये 'उपजाती' सुचवणारं काही घालत नाहीत. वनस्पतींत मात्र 'सबस्प.' किंवा 'व्हार.' हे घालावंच लागतं, कारण तिथे जातीखाली एकाहून अधिक स्तर आहेत.

कडुनिंबाला नाकारलेली जुळी नावं इथे खुशाल चालतात: नाग नाजा नाजा, चितळ ॲक्सिस ॲक्सिस. आणि दोन संहितांचा एकमेकींशी संबंध नसल्याने 'फायकस' नावाची समुद्री गोगलगायींचीही एक प्रजाती आहे. इंटरनेटवरून फोटो उतरवताना ती वडाच्या पाटीवर येऊ नये म्हणजे मिळवली.

प्राण्यांच्या कुळांचा शेवट 'इडी', वनस्पतींच्या कुळांचा 'एसी'. खारींचं कुळ स्कियुरिडी.

---

टिपणवही

देवनागरीचा प्रश्न राहिला. शास्त्रीय नाव रोमन लिपीतच असतं, देवनागरीतलं ते फक्त उच्चाराचं लेखन. इथे धाग्यावर आपण सगळं देवनागरीत लिहितोय ते वाचायच्या सोयीसाठी. पाटीवर मात्र रोमन हवंच. उच्चार संहिता ठरवत नाही, त्यामुळे 'फायकस' आणि 'फिकस' दोन्ही चूक नाहीत. एक धरा आणि सगळीकडे तेच ठेवा. खरं तर देवनागरी जागा मराठी नावासाठी ठेवा आणि तिथे कंजुषी करू नका. सावर, शाल्मली, काटेसावर, जी नावं परिसरात चालतात ती सगळी.

लिपीचा विषय निघालाच आहे तर सांगतो: सतराव्या शतकातल्या, 1678 ते 1693 मध्ये 12 खंडांत निघालेल्या 'हॉर्टस मलबारिकस'च्या चित्रांवर झाडांची नावं रोमन, मल्याळम, अरबी आणि नागरी अशा चार लिपींत आहेत. त्यात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तिघा वैद्यांचं नागरी लिपीतलं, कोकणी भाषेतलं निवेदनही छापलंय. लिनियसने आपल्याकडच्या कितीतरी झाडांसाठी याच ग्रंथाचा आधार घेतला.

रोमन नाव लिहिताना: प्रजातीचं पहिलं अक्षर कॅपिटल, जातीचं कधीच नाही, दोन्ही तिरपी. कर्ता आणि कुळ सरळ. पाटीवर प्रजाती आद्याक्षरात आखडू नका. 'एफ. रेसिमोसा' वाचून कोणालाही काही कळत नाही. हाताने लिहिलेल्या यादीत दोन्ही शब्दांखाली वेगवेगळी रेघ, सलग नको.

छपाईवाल्याकडे खरी माती होते. जुन्या, युनिकोड नसलेल्या देवनागरी फॉन्टची फाइल असेल तर त्यात चिकटवलेल्या रोमन नावाची चित्रविचित्र मराठी अक्षरं होतात. ऑपरेटर ती पुन्हा हाताने टाइप करतो आणि नव्या चुका घालतो. संकराची गुणाकाराची खूण × गायब होते किंवा तिच्या जागी एक्स हे अक्षर येतं. फोनवर यादी बनवली असेल तर ऑटोकरेक्टने 'इंडिका'चं काहीतरी केलेलं असतं. एक्सेलमध्ये कोपरा धरून खाली ओढलं की एकच नाव सात झाडांना लागतं. उपाय एकच: नावं टाइप करायची नाहीत, आयपीएनआयवरून कॉपी करायची. आणि छपाईआधी अंतिम फाइलची पीडीएफ मागवून एकाने मोठ्याने अक्षर-अक्षर वाचायचं, दुसऱ्याने मूळ तक्त्यात बघायचं. 58 नावांना तास-दीड तास लागतो.

---

रानभूल

पाटी लावण्याचंही बोला. खिळा ठोकू नका. त्या जागी साल फुटते, बुरशी शिरते आणि खोड जाड होत गेलं की चार-पाच वर्षांत पाटी वाकून आत ओढली जाते. खोडाभोवती तार लावायची तर मध्ये स्टेनलेस स्टीलची स्प्रिंग घाला आणि दरवर्षी पावसाळ्यानंतर सैल करा. घट्ट तार खोडात रुतते. सर्वांत बरं म्हणजे जमिनीत रोवलेली तिरकी पट्टी, खोडापासून हातभर लांब. पाटी बदलायची वेळ आली तर झाडाला हात लावावा लागत नाही, आणि नावं बदलतात हे तर वर पाहिलंच.

क्यूआर कोड देणार असाल तर तो एखाद्या संकेतस्थळाच्या पानाकडे थेट न नेता तुमच्या स्वतःच्या तक्त्याकडे न्या. त्या तक्त्यात नाव बदललं की पाटी पुन्हा छापायची गरज उरत नाही.

---

पानजाळी

सगळ्यांचे मनापासून आभार. क्यूची यादी प्रमाण धरली, तारीख टाकली, कर्ते फक्त तक्त्यात ठेवले. पहिल्या टप्प्यातली नावं अशी, कृपया नजर टाका (छापायला रोमनमधली फाइल जाईल, ती धाग्याला जोडली आहे):

वड – फायकस बेंगालेन्सिस. पिंपळ – फायकस रिलिजिओसा. उंबर – फायकस रेसिमोसा. बाभूळ – व्हॅचेलिया निलोटिका. खैर – सेनेगालिया कटेचू. शमी – प्रोसोपिस सिनेरारिया. कडुनिंब – अझाडिराक्टा इंडिका. आसुपालव – मोनून लाँगिफोलियम. गुलमोहर – डेलोनिक्स रेजिया. चिंच – टॅमरिंडस इंडिका. साग – टेक्टोना ग्रँडिस. पर्जन्यवृक्ष – सामानिया सामान. जांभूळ – सिझिजियम क्युमिनिया.

---

टिपणवही

दोन दुरुस्त्या. पहिल्याच ओळीत वड: बेंघालेन्सिस. रोमन फाइलमध्येही 'जी'नंतरचा 'एच' गळलाय. लिनियसने 'एच'सकट लिहिलं आणि मूळ स्पेलिंगच चालतं, आज बंगाल कसं लिहितात याचा संबंध नाही. शेवटच्या ओळीत क्युमिनी हवं, 'क्युमिनिया' नको. बाकी ठीक.

आणि फाइलमध्ये सागाच्या कुळासमोर अजून व्हर्बिनेसी आहे, ते लॅमिएसी करा.